सायकल पोचली, दाजी मागनं येतायत

कोल्हापूरच्या माणसाला 'जमणार नाही' असं म्हणता येत नाही. जीभच वळत नाही. माझा घात त्यातनंच झाला.

२००४ सालचा डिसेंबर. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत मी टाइमकीपर (म्हणजे दुसरे किती उशिरा आले ते लिहिणारा, मी किती उशिरा येतो ते लिहायला माणूस नेमलेला नाही). आमच्या पृथ्वीराजसाहेबांनी एक टूम काढली. गडमुडशिंगीच्या आठ मुलींना शाळेला जायला सायकली द्यायच्या, पण फुकट नाही, आपल्या आठ माणसांनी आधी घाम गाळायचा. डांबरी रस्त्याला चाकसुद्धा लावायचं नाही. पाणंदी, माळ, ओढे तुडवत वारणानगरला जायचं, तिथं कार्डावर शिक्का घ्यायचा आणि दुसऱ्या पाणंदींनी परत. सत्तर किलोमीटर. संध्याकाळी पाचच्या आत जो गेटवर येईल, त्याच्या वाट्याच्या मुलीला सायकल. सात नावं झाली. आठवा कोणी मिळेना.

"त्यात काय हाय?" मी बशीतला चहा फुरकत म्हणालो. "सायकलच की!"

साहेबांनी लगेच नाव लिहिलं. माझं वय पंचेचाळीस, पोटाचा घेर इंचात मोजला तर तेवढाच, आणि सायकलवर शेवटचा बसलो तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं.

घरी, गडमुडशिंगीत, शालूला सांगितलं. वाटलं, ओरडेल. ती म्हणाली, "वारणानगर? म्हंजे आमच्या गावावरनंच की!" आणि चप्पल घालून बाहेर गेली. मला वाटलं गिरणीत गेली. ती गेलती एसटीडी बूथवर, माहेरी फोन करायला.

निघायच्या दिवशी पहाटे गेटवर आठही मुली उभ्या. माझ्या वाट्याची प्रियदर्शनी, आठवीतली. वस्तीवरनं शाळेला रोज पाच किलोमीटर चालत. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मधे जरा जास्त वेळ थांबली.

"माझ्या नावावर तुमी आलाय व्हय?"

"व्हय."

तिनं एकदा बाकीच्या सात जणांकडं आशेनं बघून घेतलं. मग म्हणाली, "काका, पोचा तेवढं. पयला तास गणिताचा असतोय. रोज निम्मा बुडतोय माझा."

आता ऐका. सतरा वर्षं मी लोकांच्या नावापुढं तांबड्या पेनानं 'लेट' लिहितोय. माझा हात कधी थरथरला नाही. पण त्या पोरीचं ते 'पोचा तेवढं' छातीत बसलं. ठरवलं, मेलो तरी बेहत्तर, पण मरायचं ते पाचनंतर.

जाताना काय झालं ते सांगत बसत नाही. दोनदा उसात घुसलो, एकदा ओढ्यात बसलो, एका म्हशीनं मला पाहून रस्ता सोडला. पण साडेअकराला वारणानगरचा शिक्का कार्डावर पडला. परत फिरलो आणि तीन-चार किलोमीटरवर हलगी ऐकू आली. म्हटलं, कुणाची तरी वरात असेल. वरात माझीच होती.

पाणंदीच्या तोंडाला अख्खी सासुरवाडी उभी. मेव्हणा सयाजीनं हँडल धरलं, कोणीतरी फेटा बांधला, कोणीतरी नारळ दिला.

"सयाजी, सोड. पाचच्या आत पोचायचंय."

"दाजी, बोकड कापलाय."

"अरे, एका पोरीची सायकल..."

सासूबाई, बयाबाई, पदर खोचून पुढं झाल्या. "जावई दारावरनं उपाशी गेला तर गाव त्वांडात शेण घालंल माझ्या! दोन घास खावा आन जावा."

दोन घास म्हणजे तांबड्याच्या पाच वाट्या, पांढऱ्याच्या चार, आणि सुक्क्याचं मी मोजलं नाही. मग सयाजी म्हणाला, "पाच मिनटं पाठ टेका." टेकली. उठलो तेव्हा पावणेदोन. अंगणात आलो तर सायकल नाही.

"सयाजी! सायकल?"

सयाजी असा हसला की मला घामच फुटला. "पोच केली, दाजी! शिरोलीला टेम्पो चालल्याला, त्यात टाकली. गेटवर सांगायला सांगितलंय, सायकल पोचली, दाजी मागनं येतायत."

मी मटकन ओट्यावर बसलो.

"आवो, जावयाच्या पायाला कशाला तरास? तुमाला मी फटफटीवरनं सोडतो की. गेटच्या अलीकडं उतरा, धापा टाकत जावा. कुणाला कळतंय?"

खोटं कशाला बोलू? मोह झाला. पोटात अर्धा बोकड होता, त्याचंही मत फटफटीलाच होतं. पण त्या पोरीला काय सांगणार? तुझ्या नावावर मी टेम्पोनं आलो? आयुष्यात मी फार गोष्टी अर्ध्या सोडल्यात (टायपिंगची परीक्षा, व्यायाम, घराचं प्लास्टर). ही सोडायची नव्हती.

"दुसरी सायकल आण," मी गरजलो. सासुरवाडीत मी पहिल्यांदाच गरजलो असेन. सगळे दचकले, मीसुद्धा.

घरात एकच सायकल होती, सयाजीची डेअरीला दूध घालायची. वजनाला रेडा, ब्रेक नावापुरता. बसणार इतक्यात सासूबाईंनी भरलेली किटली मागं अडकवली.

"मामी, हे काय?"

"लेकीकडं रिकाम्या हातानं जात्यात व्हय? म्हशीचं हाय, सांडू नका."

वाद घातला असता तर आणखी एक किटली आली असती. निघालो. तीस किलोमीटर पाणंद, डोक्यावर फेटा, मागं दूध. चढाला उतरून ढकलायचो, उताराला देवाचं नाव घ्यायचो. वाटेत एकजण ओरडला, "ओ पावणं, दूध कसं दिलं?" मान वळवायचीसुद्धा सोय नव्हती. पाय मेले, कंबर गेली, घसा कोरडा पडला. तोंडानं एकच चाललेलं, 'पयला तास, पयला तास.'

पाचला तीन मिनिटं कमी असताना फौंड्रीचं गेट दिसलं. सात जण कधीच येऊन भजी खात होते. माझी आठ नंबरची सायकल भिंतीला टेकलेली, आणि प्रियदर्शनी तिची सीट धरून उभी. डोळे रडून लाल. मला पाहताच ती किंचाळली, "आलं! काका आलं!"

थांबावं म्हणून ब्रेक दाबला. तो काही लागला नाही. मी फीत तोडली, मांडवात शिरलो आणि भज्याच्या टेबलाशी थांबलो. किटली उघडली तर वर लोणी आलेलं.

पृथ्वीराजसाहेबांनी कार्डावरचा शिक्का पाहिला, माझा फेटा पाहिला, दुधाची सायकल पाहिली. "नियम माणसानं पोचायचा आहे," ते म्हणाले. "सायकल कुठली ते लिहिलेलं नाही. द्या पोरीला सायकल."

टाळ्या वाजल्या. मी ढसाढसा रडलो (धूळ गेलती म्हणून सगळ्यांना सांगितलं).

घरी जायची वेळ झाली तर पाय हलेनात. माझ्या दोन्ही सायकली गेटवरच ठेवल्या. प्रियदर्शनी नवी कोरी सायकल घेऊन पुढं आली. "काका, बसा कॅरेजवर. आपलं गाव एकच की."

बसलो. पोरगी काय सुसाट चालवत होती! वारा लागत होता, ती घंटी वाजवत होती, लोक वळून बघत होते. आपल्या हातनं काहीतरी चांगलं झालं या विचारानं ऊर भरून आला. तिला आशीर्वादाचे दोन शब्द बोलावेत म्हणून घसा साफ केला, तेवढ्यात उचगावच्या अलीकडं तिनं सायकल थांबवली.

"काका, उतरा. चढ आलाय."

"बरं बाई. मी हळूहळू चालत येतो मागनं."

"चालत नको," ती म्हणाली. "मागनं ढकला."