झोपेचा रंग

टिक्!

चमचा बशीत ठेवला, एवढाच माझा गुन्हा. तोही तान्ह्या बाळाला पाळण्यात ठेवावं, तसा! पण आतून लगेच हाक आली, "आई, मी उठले!"

आमची टिटवी चार वर्षांची. दुपारी झोपते ती मोजून वीस मिनिटं, आणि त्या वीस मिनिटांवर माझा अख्खा दिवस तगलेला! तेवढ्यात मी कोमट चहा पिते, दोन ओळी लिहिते आणि उरलेला वेळ मोबाइलवर तिचेच फोटो बघत बसते. (हे आमच्या घरी बोलू नका.)

पण त्या दिवशी ठरवलं, बस्स! तिच्या खोलीच्या पिवळ्याधमक भिंतींसमोर कुंभकर्णसुद्धा टक्क जागा राहील. गडद, मळकट जांभळा रंग मारायचा. खोली शांत की पोर शांत! "दोन तास झोपली नाही, तर नाव बदलेन," मी जाहीर केलं.

रंगाचा नमुना बघून नवरा म्हणाला, "हा रंग आहे की मुका मार?"

सासूबाई म्हणाल्या, "अख्खी दौत उपडी झाल्यासारखं दिसेल गं!"

पेंटरकाकांनी तर कपाळाला हात लावला. "ताई, तीस वर्षांत लोकांनी उजेडच मागितला. अंधार मागणाऱ्या तुम्हीच पहिल्या!"

पहिला हात मारून काका तिथेच जेवायला बसले. तासाभरानं मी डोकावले, तर काका जुन्या चादरीवर आडवे, पोटावर ब्रश! "डोळ्यांना जरा गार वाटलं हो ताई," म्हणाले. रोज गार वाटत गेलं. दोन दिवसांचं काम पाच दिवस चाललं. मी मात्र खूश. रंग लागू पडत होता!

सहाव्या दिवशी दुपारी टिटवीला आत नेलं. ती पलंगावर उड्या मारायला लागली. "आई, रात्र झाली! भूत भूत खेळू!"

घरूनच ऑफिसचं काम करणारा नवरा तावातावानं उठला. "तुला जमत नाही. बघ, पाच मिनिटांत झोपवतो."

पाच मिनिटांनी आतून घोरणं ऐकू आलं. टिटवी असं घोरत नाही! इकडे त्याच्या साहेबांचा फोन वाजायला लागला. सासूबाई त्याला उठवायला गेल्या, त्या गेल्याच. तेवढ्यात काका राहिलेली शिडी न्यायला आले.

"काका, आत नका जाऊ..."

"हा आलोच ताई!"

कसले येतात! साहेबांचा चौथा फोन आला, तेव्हा मीच चवड्यांवर आत गेले.

नवरा पलंगावर, सासूबाई खुर्चीत, काका शिडीला टेकून. तिघंही गाढ! मधोमध टिटवी. काकांच्या अंगावर तिची ससेवाली दुलई, आणि आजीच्या गुडघ्यावर ती हळूहळू थोपटत होती.

"अरे, ऊठ! साहेब..."

"शू!" टिटवी माझ्यावरच डाफरली. "आत्ता कुठे डोळा लागलाय! किती त्रास देतात गं हे!"

तिनं मला हाताला धरून बाहेर आणलं, दार अलगद ओढलं आणि माझ्याच सुरात एक लांब सुस्कारा सोडला. मग माझ्यासमोर फतकल मारून बसली.

"आई, मी झोपल्यावर तू काय करतेस? मी पण आता तेच करते."

मी मोबाइल पाठीमागे लपवला.