मामांच्या मागच्या सीटवरचं पोतं

आमच्या गल्लीतले दिनकरमामा रोज संध्याकाळी मोटरसायकलच्या मागच्या सीटवर तांदळाचं पोतं बांधायचे आणि जोतिबाचा घाट फिरवून आणायचे. पोत्यावर सुतळीनं जखडलेला दुधाचा तांब्या. "ओ पावणं, तांदूळ कसा दिला?" असं कुणी विचारलं की मामा खेकसायचे, "इकायचा न्हाय. सराव चाललाय!"

मामा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत साचे करणारे मोल्डर होते. नव्वदच्या दशकात दरवर्षी रजा टाकून गाडीवर एकटेच सुटायचे. कन्याकुमारी म्हणू नका, कच्छ म्हणू नका. परत आले की दूधकट्ट्यावर धारोष्ण दुधाचा पेला हातात घेऊन आम्हाला धडे. "टाकी निम्मी झाली की भरायची. परक्या गावात पयला पंक्चरवाला हुडकायचा, द्येव मागनं. आन् मागच्या सीटवर वजन न्हाय पायजे. वजनानं गाडी मागं वढती!"

वजन म्हणजे मामी, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. बिचाऱ्या शिदोरी बांधून देताना दरवर्षी म्हणायच्या, "अवो, एकदा मला बी समुद्र दावा की." मामा किक मारता मारता म्हणायचे, "फुडच्या खेपेला!"

रिटायर झाल्यावर मामांना ती खेप आठवली. तोवर मामींच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी धक्क्याचा प्रवास बंद केला होता. पण मामा हटताहेत व्हय! "धक्का बसाय नगं न्हवं? मग बसनार न्हाय असं चालवतो." म्हणून ते पोतं. तांब्यातलं दूध सांडलं नाही, की मामींना घेऊन निघायचं. रोज निम्मं दूध मामांच्या पाठीवर यायचं.

अन् एके दिवशी, नाद खुळा! तांब्या भरलेला आला. गल्लीनं शिट्ट्या मारल्या. मामा गरजले, "चल गं, काढ पिशवी! गनपतीपुळ्याला जाऊया."

मामी भिंत धरत दारात आल्या. "दारापतूर आले, तर हितंच घाम फुटला. आता न्हाय ओ जमायचं." मग हसल्या. "आन् मला गाडी कुठं पायजे हुती? समुद्र बघायचा हुता. तवा एष्टीनं बी गेलो असतो की दोघं."

सगळा मुलूख पालथा घातलेला माणूस, पण बायकोला घेऊन एष्टीत बसावं हे डोक्यात कधी आलंच नव्हतं. मामा पोतं सोडायला गेले, तर गाठ काही सुटेना; शेवटी मीच सोडली. लई वाईट वाटलं हो.

पुढं मी गाडीवरून गोव्याला निघालो. म्हटलं, गुरूंना विचारावं. "मामा, मागं सामान किती बांधू?"

मामांनी आमच्या दारात उभ्या असलेल्या माझ्या बायकोकडं बघितलं. "सामान ऱ्हाऊ दे. हिला बसीव."

"नेतो की, फुडच्या खेपेला."

मामांनी माझ्या गाडीची किल्लीच काढून मुठीत धरली. "फुडची खेप नसती लेका," म्हणाले, आणि बायको पिशवी भरून येईपर्यंत मूठ उघडली नाही.