एक तर शेट, नाही तर ॲसिड

“ब्याड! ब्याड! खाली उतरा शेट, पयलं खाली उतरा!”

होटगी रस्त्याच्या विमानतळावर इराप्पा असा ओरडत होता, की अक्कलकोटपर्यंतच्या म्हशींनी चरायचं थांबवलं असावं. विमानाच्या शिडीवर शिवलिंगशेट, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात धोतराचा सोगा. ‘ब्याड’ म्हणजे कानडीत ‘नको’. इराप्पाच्या तोंडी दिवसभर हाच जप.

सात रस्त्यावरच्या आमच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी कारकून आणि इराप्पा हमालांचा मुकादम. उमेदीची वर्षं त्यानं हवाई दलात विमानं भरण्यात काढली होती. तिथून तो एकच विद्या घेऊन आला : कोण कुणाशेजारी बसवायचा नाही. “हे पेटनारं, हे पेटवनारं. ह्यांची पंगत येगळी!” स्पिरिटचं पिंप एका टोकाला, ब्लीचिंग पावडर दुसऱ्या.

पुढं तो माणसंही तशीच लावायला लागला. माझ्या लग्नात त्यानं माझे सासरे आणि थोरले काका मांडवाच्या दोन टोकांना बसवले आणि मधे अख्खा बँड. माझा संसार त्या बँडवर उभा आहे. एकदा नातेपुत्याच्या एसटीत रॉकेलचा डबा घेतलेली बाई आणि बिडी ओढणारा पाव्हणा यांना लांब करता करता त्यानं माळशिरस येईतो सगळी गाडी नव्यानं लावली. कंडक्टर उभाच राहिला.

तर तेव्हा रेल्वेचा संप चालू होता. कुणीतरी मद्रासला माल न्यायला जुनं डकोटा विमान भाड्यानं आणलं. त्यात चादरींचे गठ्ठे आणि शेटचं ॲसिड भरायचं काम आमच्याकडं आलं. इराप्पाच्या अंगात वारं शिरलं. प्रत्येक काचेची बरणी त्यानं खोक्यात गवतावर बसवली, तोंडाशी बोटभर जागा ठेवली. “वर हवा पातळ, झाकन उडतंय.” मग सगळं जाळ्यानं आवळलं आणि हलतंय का बघायला असा धक्का दिला, की पायलटचा चहा सांडला.

आणि मद्रासहून तार आली. शेटच्या लेकीचं, गौरीचं, पोटाचं ऑपरेशन, त्याच दिवशी दुपारी. गाड्या बंद. शेट थेट विमानाच्या शिडीवर.

“माल माझा, भाडं माझं, आणि मलाच बंदी?”

“माणूस हाय तर ॲसिड न्हाय. ॲसिड हाय तर माणूस न्हाय. एकच चढंल.”

“मग हा पायलट कोण, देव आहे का?”

“त्येला पगार हाय. तुमाला लेक हाय.”

“अरे, ॲसिड नाही गेलं तर गिऱ्हाईक तुटतंय माझं!”

“मग ॲसिड पाठवा की. लेकीला कार्ड टाका.”

पायलट पंखाच्या सावलीत शेंगा सोलत म्हणाला, “मी इंजिन सुरू करतोय. काय ते ठरवा.”

शेट मटकन पायरीवर बसले. बाजारात आवाजानं भाव पाडणारा माणूस, पण त्या दिवशी “काढ” म्हणाला ते मला ओठांवरून कळलं.

खोकी उतरली. विमानाचं वजन मागंपुढं होऊ नये म्हणून इराप्पानं गठ्ठे सरकवले, शेटना गठ्ठ्यांपुढच्या बाकावर बसवलं आणि पट्टा असा आवळला, की त्यांचा श्वास मद्रासलाच सुटला असणार. दार लावण्याआधी तो त्यांच्या कानाशी वाकला. त्याचं कुजबुजणं म्हणजे दुसऱ्याचं भाषण, म्हणून मला ऐकू आलं.

“उतरल्यावर हापिसात फोन करा. लई इमानं भरली म्या आजवर. पोचलं म्हनून कुनी कदी सांगितलंच न्हाय.”

दुपारपासून तो फोनजवळ बसला. चहा नको, तंबाखू नको. दिवेलागणीला ट्रंककॉल आला. शेटचा आवाज रस्त्यापलीकडच्या पानवाल्यानंसुद्धा ऐकला. “इराप्पा! ऑपरेशन झालं! गौरी शुद्धीवर आली, बोलली माझ्याशी!”

आम्ही टेबलं बडवली. पानवाल्यानं पेढ्यांना माणूस पिटाळला. इराप्पानं एका हातानं आम्हाला गप्प केलं आणि फोनमध्ये विचारलं, “इमान नीट उतरलं का?”

“अरे, लोण्यासारखं!”

त्यानं रिसीव्हर दोन्ही हातांनी खाली ठेवला आणि त्याच्यावर हात ठेवून नुसता बसला. तेवढ्यात बाहेर गेलेले मालक धापा टाकत आत आले.

“काय रे इराप्पा, काय म्हणाले शेट? लेक कशी आहे?”

“पोचलं म्हनाले.”