कौसल्याबाई उतरणार नाहीत

भोकरदनच्या साहेबरावांच्या गाडीचे पुढचे स्प्रिंग इतके बसले होते, की रस्त्यात स्पीडब्रेकर आला की त्यांच्या बायकोला, कौसल्याबाईंना, खाली उतरावं लागे. साहेबराव रिकामी गाडी हळूच पलीकडे काढत, आणि कौसल्याबाई पदर सावरत मागून चालत जाऊन पुन्हा बसत. त्या बसलेल्या असताना ब्रेकर घेतला, की गाडीचं पोट असं घासायचं, की पानटपरीवरची माणसं उठून बघायची. साहेबरावांना यात काही वावगं वाटत नव्हतं. त्यांचा उभा जन्म एसटी चालवण्यात गेला होता, आणि प्रवाशानं चढणं-उतरणं त्यांच्या लेखी रोजचंच होतं.

पण रविवारी मंठ्याला राजानंदचा, म्हणजे कौसल्याबाईंच्या धाकट्या भावाचा, गृहप्रवेश होता. आणि शाळेजवळचा ब्रेकर नेमका त्याच्या नव्या घराच्या दारात होता.

"सगळं माहेर मांडवात बसलेलं असंल," कौसल्याबाईंनी बजावलं. "त्यांच्या देखत मी काय उतरणार न्हाई. उतरावं लागलं तर तशीच एसटीनं वापस येईन, आन् मंग तुमच्या गाडीत पुन्हा पाय ठेवणार न्हाई."

ही बाई बोलते ते करते, हे साहेबरावांना लग्नापासून ठाऊक होतं. त्याच दिवशी त्यांनी नवे स्प्रिंग आणले. गल्लीतला मेकॅनिक मिथुन म्हणाला, काम थोडक्यात होईल, पण स्प्रिंग दाबून धरायचा त्याचा कॉम्प्रेसर मोडलाय. नवा शनिवारी येईल, तोवर हात लावू नका.

"दाबलेला स्प्रिंग सुटला ना काका, तर समोर कोण हाय ते बघत न्हाई."

"बसच्या स्प्रिंगांचे पाटे बदललेत मी," साहेबराव म्हणाले. खरं तर पाटे डेपोतल्या लोकांनी बदलले होते; साहेबराव शेजारी चहा पीत होते.

घरी येता येता त्यांनी हिशेब मांडला. स्प्रिंग दाबायला वजन लागतं, आणि गल्लीत वजनाला तोटा नव्हता. त्यांनी शेजारच्या दुर्गाबाईंना आणि त्यांच्या दोन्ही जावांना मोठ्या अदबीनं बॉनेटवर बसवलं. गाडी खाली गेली. साहेबरावांनी चाक वळवून आत हात घातला आणि दबलेल्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चऱ्हाटानं करकचून बांधले. जावाजावा खाली उतरल्या, तरी स्प्रिंग दबलेलाच राहिला. साहेबरावांची छाती दोन इंच फुगली. मग चाक काढलं, बोल्ट सोडले, मधल्या दांड्यासकट स्प्रिंग अंगणात आणून ठेवला आणि त्याला धरून ठेवणारा वरचा नट पान्ह्यानं काढला.

तेवढ्यात चऱ्हाटाचा एक पदर तुटला. आवाज अगदी बारीक होता, पण पान्हा तिथंच राहिला आणि साहेबराव दुर्गाबाईंच्या आधी घरात होते.

त्या क्षणापासून अंगण बंद झालं. मिथुननं भिंतीवरून डोकावून पाहिलं आणि तो तसाच मागं सरकला. नळ अंगणात, म्हणून पाणी बंद. गल्लीतली माणसं अंगणातून मधली वाट काढायची, ती सगळी वळसा घालून जाऊ लागली. कौसल्याबाई मागच्या दारानं दुर्गाबाईंकडे जाऊन स्वयंपाक करू लागल्या, आणि जाता-येता नवऱ्याकडे रोखून बघू लागल्या. हे बघणं साहेबरावांना स्प्रिंगपेक्षा जड जात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाच्या तरी कोंबडीनं त्या चऱ्हाटाला चोच मारली. स्प्रिंग भिंतीवरून उडाला तो थेट दुर्गाबाईंच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत घुसला. टाकी फुटली, आणि सगळं पाणी खाली वाळत घातलेल्या कुरडयांवर आलं. कोंबडीला काही झालं नाही, फक्त ती लिंबावर जाऊन बसली आणि दिवसभर खाली येईना. दुर्गाबाईंनी मात्र गल्लीभर सांगितलं, की ह्या माणसानं आम्हाला आमच्याच टाकीवर नेम धरायला बसवलं होतं.

शनिवारी कॉम्प्रेसर आला. मिथुननं दुसऱ्या बाजूचा स्प्रिंग काढला आणि कॉम्प्रेसरचे दोन शिकंजे त्याला समोरासमोर लावले. थोडा हा पिळायचा, थोडा तो, एकालाच घाई नाही. स्प्रिंग मुकाट्यानं दबत गेला. नवेही तसेच दाबून बसवले, तसेच हळूहळू सैल सोडले. साहेबरावांना भिंतीआड उभं राहायला सांगितलं होतं. ते राहिले.

रविवारी मंठ्याचा तो ब्रेकर आला, आणि गाडी त्यावरून गेली तरी कौसल्याबाईंच्या पोटातलं पाणी हललं नाही. त्या खुशीत मांडवाकडे बघतात तर कुणाचंच लक्ष नव्हतं. पाहुणे ताटांच्या गडबडीत होते.

"कुणीच बघितलं न्हाई," त्या हिरमुसून म्हणाल्या. "परत घ्या."

साहेबरावांनी गाडी वळवून पुन्हा ब्रेकरवरून घेतली. मग पुन्हा. आता मांडवातल्या माना वळल्या, तशी कौसल्याबाईंना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "अजून एक डाव," त्या म्हणाल्या. पुढची चाकं ब्रेकरवर चढली, तोच राजानंद पळत येऊन गाडीपुढं उभा राहिला. सगळा मांडव त्याच्या मागं.

"ताई, चुकलं माझं," तो हात जोडून म्हणाला. "मोबाइलवर पत्रिका टाकली, घरी बोलवायला आलो न्हाई. पण दारात येऊन अशी गाडी वळवून वापस नको जाऊ. उतर."

कौसल्याबाईंच्या हे स्वप्नातही नव्हतं. ती पत्रिका त्यांना इतकी आवडली होती, की त्यांनी ती सगळ्या गल्लीला पाठवली होती. पण त्यांनी तोंड गंभीर केलं आणि समोरच्या काचेकडे बघितलं.

"मी न्हाई उतरत."

राजानंदच्या डोळ्यांत पाणी आलं. "दाजी, तुम्ही तरी सांगा."

"मी काय सांगणार बाबा," साहेबराव अगदी खरं ते बोलले. "चार दिवसांपासून हेच म्हणून राह्यली."

मग राजानंदची बायको ज्योत्स्ना आतून भारीतली साडी घेऊन आली, थोरल्या मामींनी दार उघडून हात धरला, आणि सगळ्या माहेराच्या देखत कौसल्याबाई ऐन ब्रेकरवर उतरल्या.