कचऱ्याच्या डब्याची कुंडी

ग्राहकाला सत्य कळलेच पाहिजे. प्रश्न एवढाच असतो की ते वेष्टनाच्या कोणत्या बाजूला आणि किती बारीक छापावे.

धुण्याच्या पावडरीच्या कंपनीतल्या चित्रकाराला हे तत्त्व मान्य होते. (तो नोकरीत अजून कायम झालेला नव्हता, त्यामुळे त्याला सगळीच तत्त्वे मान्य होती.) पिशवीवर जुने चिन्ह होते, कचऱ्याचा डबा आणि त्यावर फुली. अर्थ सरळ : ही पिशवी कुजत नाही, कचऱ्यात टाकू नका. मग टाकायची कुठे, हे चिन्हाला विचारायची पद्धत नव्हती.

"लोक ते बघून उदास होतात," विक्रीप्रमुख त्याला म्हणाले. "अर्थाला हात लावू नका, फक्त जरा प्रसन्न करा. जमलं की तुम्ही कायम झालातच म्हणून समजा."

त्यासाठी नेमलेल्या समितीने अर्थाला खरोखरच हात लावला नाही. फुली नकारात्मक वाटली, ती गेली. काळा रंग सुतकी दिसला, हिरवा आला. डबा पाहून कचरा आठवतो म्हणून त्याचे झाकण काढले. झाकण गेल्यावर डबा कुंडीसारखा दिसू लागला, आणि रिकामी कुंडी कोणाला आवडते? तिच्यात रोप लावण्यात आले. मग शंभर ग्राहकांना 'बघून कसं वाटतं?' असे विचारले. चौऱ्याण्णव जणांना बरे वाटले. सहा जणांनी 'याचा अर्थ काय?' असे उलट विचारले. (प्रश्न विचारणे हे ग्राहकाचे काम नसल्याने त्यांना वगळले, म्हणजे शंभर टक्के.) रोप पिशवीवर मावेना, तेव्हा पिशवीवर आणखी एक मोठी पिशवी चढवण्यात आली.

खप वाढला. दोन महिन्यांत चित्रकार कायम झाला. बातमी सांगायला तो धावत घरी आला, तर आई गॅलरीत कुंडी उकरत बसलेली. वडिलांनी शेवटच्या आजारपणात हट्टाने लावलेला गुलाब. त्याची पाने पिवळी पडली होती.

"बघ ना रे, काही केल्या धरतच नाहीये," ती म्हणाली. "महिनाभर तुझ्या त्या पिशव्या बारीक कातरून घालतेय. आतलीही आणि बाहेरचीही."

"कुंडीत? कशाला?"

"कशाला म्हणजे? चित्र काय काढलंयस मग? कुंडीत घालायची, रोप येतं. तू काढलंयस म्हटल्यावर खोटं कसं असेल?"

मातीतून हिरवे तुकडे डोकावत होते. रंग जरासुद्धा उडालेला नव्हता. छपाई उत्तम होती. खरे सांगायला एक वाक्य पुरले असते, पण त्यानंतर नोकरीची बातमी कोणत्या तोंडाने सांगायची?

"पाणी कमी पडत असेल," तो म्हणाला.

गुलाब त्याच आठवड्यात गेला. पिशवी आहे. तुम्हाला चित्रकाराचा राग आला असेल, आणि तो रास्तच आहे. पण त्या सहा जणांत तुम्ही नव्हता. दुकानात फुलीची आणि रोपाची अशा दोन पिशव्या शेजारी शेजारी होत्या, तुम्ही रोपाची उचललीत, आणि तुम्हाला बरे वाटले होते.