चष्म्याची पेटी

पार्सल बांधणं ही काय चीज आहे, हे या जगात फार थोड्या लोकांना कळतं. त्यांतला एक मी! बाकीचे कुठे राहतात मला माहीत नाही, निदान आमच्या घरात तरी राहत नाहीत.

काचसामानाच्या कारखान्यात मी पॅकिंग खात्याचा प्रमुख आहे. बाटल्या, बरण्या, परीक्षानळ्या... माझ्या पेटीतून फुटका माल निघाला असं म्हणणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचंय! आणि माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांदेखत, आमच्या सौ. लांबच्या गावी कॉलेजात शिकणाऱ्या लेकीला पार्सलं कशी पाठवतात? बुटाच्या रिकाम्या खोक्यात! बिस्किटं, साबण, जामची बाटली, सगळं एकावर एक कोंबायचं, वरून सुतळी गुंडाळायची आणि द्यायचं कुरियरवाल्याच्या हातात. तिकडे पोचेपर्यंत बिस्किटांचं पीठ, पिठात जाम आणि सगळ्याला साबणाचा वास. पोरगी बिचारी फोनवर म्हणायची, "छान होतं गं आई." चमच्यानं खाल्लं असेल, दुसरं काय!

"अगं, पार्सल म्हणजे बोचकं नव्हे!" मी दर वेळी समजवायचो.

"पोचतंय ना?" हिचं ठरलेलं उत्तर.

पोचतंय! गाडीखाली सापडलेला माणूसही इस्पितळात पोचतोच की!

तर परीक्षेच्या तोंडावर पोरीचा फोन आला. आवाज रडवेला. बाईसाहेब स्वतःच्या चष्म्यावर बसल्या होत्या.

"बाबा, इथला चष्मेवाला म्हणतो या नंबरच्या काचा बाहेरून मागवाव्या लागतील. तोवर परीक्षा संपेल हो! मला प्रश्नपत्रिकासुद्धा दिसायची नाही!"

खरंच होतं ते. चष्मा काढला की तिला मी आणि कपाट सारखेच दिसतो. पण आमच्या गल्लीतल्या चष्मेवाल्याकडे तिचा नंबर होता. त्यानं तातडीनं नवा चष्मा करून दिला. तो घरात येतोय न येतोय तोच सौ. बुटाचं खोकं घेऊन हजर!

मी आडवाच आलो. "खबरदार! पोरीच्या वर्षाचा प्रश्न आहे. हे पार्सल मी करणार!"

"करा हो. पण लवकर पोचायला हवं, एवढंच बघा."

"लवकर पोचला आणि फुटका निघाला तर काय उपयोग?"

यावर ही काही बोलली नाही. ही बोलत नाही तेव्हा हिला पटलेलं असतं, असा माझा लग्नापासूनचा समज आहे.

मी कामाला लागलो. लाकूड निवडण्यात एक दिवस गेला. लाकूड म्हणजे काही भाजी नव्हे, दिसली जुडी की घातली पिशवीत! मग मापं घेतली, फळ्या कापल्या, रंधा मारला. ही सारखी येऊन विचारायची, "झालं का?" जणू मी चहाच उकळत होतो. शेवटी पेटी तयार झाली, तेव्हा मलाच तिच्यावरून हात फिरवावासा वाटला. एवढ्या पेटीत एकटा चष्मा कशाला पाठवायचा? बिस्किटं घेतली, जाम घेतला, साबण घेतले. हिला एकदा दाखवायचंच होतं, बिस्किट हे बिस्किटाच्या आकारात पोचू शकतं!

मग हिच्याकडे चष्मा मागितला. हिनं चष्म्याचं घर आणून माझ्या हातात ठेवलं आणि तडक स्वयंपाकघरात निघून गेली. मी ते उघडलं नाही. काचेला विनाकारण बोट लावू नये, हा आमच्या खात्याचा पहिला नियम. फक्त कानापाशी धरून हलवून पाहिलं. जराही आवाज नाही! म्हटलं, वा, चष्मेवाल्यानं घट्ट बसवलाय, त्याला तरी थोडी अक्कल आहे.

ते घर फोममध्ये गुंडाळलं, फोम पत्र्याच्या डब्यात, डबा भुशात, भुसा खोक्यात आणि खोकं पेटीत. झाकणाला चारही बाजूंनी खिळे ठोकले. वरून लोखंडी पट्ट्या आवळल्या. पेटी कशी उघडावी याच्या सूचना सुवाच्य अक्षरात लिहून वर चिकटवल्या. पट्ट्या कापायची कात्री आणि खिळे उपटायचा हातोडाही मी आधीच आठवणीनं सोबत दिला होता. वसतिगृहात पोरींकडे हातोडा कुठून असणार? इतका पुढचा विचार करणारा बाप शोधून सापडायचा नाही!

पेटी उचलायला कुरियरवाल्याला आणखी एक माणूस बोलवावा लागला.

"काका, आत आहे तरी काय?"

"चष्मा."

त्यानं पेटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "कुणाचा?"

असल्या लोकांशी काय बोलायचं!

पेटी पोचली तसा पोरीचा फोन आला.

"फुटली?" मी विचारलं.

"नाही बाबा."

"ओरखडा?"

"तोही नाही. पण उघडत नाहीये."

"वरच्या सूचना वाच की!"

तिनं घडाघडा वाचायला सुरुवात केली. "'प्रथम उजवीकडील पट्टी...'" मी हिच्याकडे छाती फुगवून पाहिलं. डोळ्यांवर चष्मा नाही, तरी पोरगी अडखळत नाही! अक्षर असावं तर असं! ही खिडकीबाहेर बघत होती. हिला माझ्या अक्षराचं कौतुक कधीच नव्हतं.

"'...सोबत दिलेल्या कात्रीने कापावी.' बाबा, कात्री कुठाय?"

"पेटीत."

पलीकडून पेटीवर टकटक केल्याचा आवाज आला.

"आणि हातोडा?"

"तोही... म्हणजे... पेटीतच."

मागे कोणीतरी खो खो हसलं. तिच्या खोलीत राहणारी मैत्रीण असावी. आजकालच्या मुलींना वळण म्हणून नाही!

"राहू द्या बाबा, परीक्षा झाल्यावर उघडू."

"परीक्षा झाल्यावर? मग चष्मा काय निकाल बघायला घालणार? सुताराला बोलव!"

कॉलेजचा सुतार आला. लाकूड बघून म्हणाला, "हे कुणी बनवलं?" कौतुकानं नाही, वैतागून! त्यानं पटाशी घातली, पटाशीचं पातं तुटलं. मग त्यानं घण आणला. ठाण ठाण आवाजानं अभ्यासाला बसलेल्या मुली खोल्यांतून बाहेर आल्या आणि त्यांच्यापाठोपाठ रेक्टरबाई. त्यांनी पोरीच्या हातातून फोन घेतला.

"मी इथली रेक्टर. पेटीत काय आहे?"

"चष्मा."

"खरं सांगा."

"चष्माच! आणि बिस्किटं!"

"ऐका, उद्या दुपारपर्यंत ही पेटी उघडून दाखवा, नाहीतर मी पोलिसांना बोलवते!"

उद्या! उद्याच तर पहिला पेपर होता! मी पिशवीत हत्यारं भरायला लागलो. पोरगी फोनवर सांगत होती, "बाबा, येऊ नका! खरंच गरज नाही, मला..."

"गप्प बस! तुझं वर्ष बुडतंय आणि बाप घरी बसेल?" मी फोन बंद केला.

"अहो, माझं जरा ऐकता का?" ही म्हणाली.

"तू बुटाची खोकी शोध!"

सकाळची पहिली गाडी पकडली. गाडी रस्त्यात बंद पडली. वसतिगृहाच्या फाटकाशी पोचलो तेव्हा पेपर सुरू होऊन बराच वेळ झाला होता. पोरगी परीक्षेला गेली होती. बिनचष्म्याची! भिंती चाचपडत गेली असेल, कुणाला तरी आकडा विचारत बाक शोधला असेल. निदान उरलेल्या वेळात तरी तिच्या हाती चष्मा पडावा, म्हणून मी जिन्याकडे धावलो.

"बाहेरच्या पुरुषांना वर मनाई!" रेक्टरबाई आडव्या आल्या.

"मग पेटी खाली आणा!"

खोलीतली मैत्रीण आणि आणखी काही मुली पेटी ढकलत जिन्यापर्यंत घेऊन आल्या. पुढची वाट पेटीनं स्वतःच धरली. धडाड धूम, धडाड धूम! खाली उभा असलेला सुतार जीव घेऊन पळाला. पेटी अंगणात येऊन माझ्या पायाशी थांबली.

जिन्याच्या पायरीचा टवका उडाला होता. पेटीचा नाही!

"बघितलंत?" मी रेक्टरबाईंना म्हणालो. "याला म्हणतात पॅकिंग!"

पट्ट्या कापल्या, खिळे उपटले, झाकण उघडलं. वरच्या थरातून एक एक बिस्किट काढून सगळ्यांना दाखवलं. अखंड! एक कोपरासुद्धा झडलेला नाही! जामची बाटली काढली, ठणठणीत! मुलींनी चक्क टाळ्या वाजवल्या. रेक्टरबाईंनीही तोंड वाकडं करत का होईना, एक बिस्किट उचललं. मग मी खोकं काढलं, भुसा उपसला, डबा उघडला, फोम सोडला आणि चष्म्याचं घर वर धरून ऐटीत उघडलं.

आत काही नव्हतं.

"चोरी!" मी ओरडलो. "चष्मा चोरला! या सुतारानं! नाहीतर त्या कुरियरवाल्यानं!"

"पेटी तर आत्ता उघडलीत ना?" रेक्टरबाई बिस्किट चावत म्हणाल्या. "मग चोरी झाली कशी? तुमचं पॅकिंग कच्चं होतं का?"

आता काय बोलणार? चोरी झाली म्हणावं तर पॅकिंग कच्चं, पॅकिंग पक्कं म्हणावं तर मी रिकामं घर पाठवलेलं!

एवढ्यात फाटकातून हाक आली. "बाबा! मस्त गेला पेपर!"

पोरगी धावत येत होती. नाकावर कोरा करकरीत चष्मा.

"हा... हा कुठून आला?"

"आईनं पाठवला. तुम्ही फळ्या कापत होतात ना, तेव्हाच. पेटीच्या आधी मिळाला मला."

"कशात घालून पाठवला?"

"मोज्यात. वर एक पाकीट होतं."

"फुटला नाही?"

"नाही."

"ओरखडा?"

"नाही हो बाबा!"

"मग सांगितलं का नाहीस मला?"

"सांगत होते की! तुम्ही फोन बंद केलात." मग ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "आणि आई म्हणाली, एवढ्या हौसेनं करताहेत, करू देत त्यांना."

मोज्यात! ना भुसा, ना फोम! असल्या अडाणी कामावर बोलण्यात अर्थ नाही, म्हणून घरी आल्यावर मी काही बोललो नाही. हीसुद्धा "पेपर छान गेला म्हणे" एवढंच म्हणाली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. पायातले बूट काढताना पाहिलं, दोन पायांत दोन रंगांचे मोजे होते. तेव्हा एक गोष्ट मात्र तुम्ही ध्यानात ठेवा. चष्मा ज्या मोज्यातून गेला, तो मोजा माझा होता. म्हणजे बघायला गेलं तर पॅकिंग माझंच की!