भाषण चष्मेवाल्यांचं, कोड बायकोचा

“त्यात काय एवढं! उभं राहायचं आणि बोलायचं! कागद नको, चिठ्ठी नको, थेट मनातून बोलणार!”

चष्मेवाले महिनाभर दुकानात येईल त्याला हे ऐकवत होते. बायको बँकेतून निवृत्त होणार होती आणि निरोप समारंभात नवऱ्याने चार शब्द बोलावेत असा तिथल्या मॅनेजरचा आग्रह होता. तो दिवस उजाडला. दाढी करता करता चष्मेवाल्यांनी मनात डोकावून पाहिलं, तर आत चिटपाखरूसुद्धा नव्हतं!

हसू नका, प्रकरण गंभीर होतं. गेल्या वर्षी दुकानाच्या वर्धापनदिनी त्यांनी आभार मानले होते. सुताराचे मानले, रंगाऱ्याचे मानले, कोपऱ्यावरच्या चहावाल्याचे तर दोनदा मानले. बायकोचं नाव राहिलं. ती समोरच बसली होती. घरी आल्यावर ती भांडली असती तर बरं झालं असतं, पण ती काहीच बोलली नाही. ते न बोलणं चष्मेवाल्यांच्या छातीत अजून काट्यासारखं सलत होतं. आजही फजिती झाली तर तिच्याकडे बघायचं कुठल्या तोंडाने?

त्यांनी खोलीचं दार लोटून घेतलं आणि परगावी असलेल्या लेकीला फोन लावला.

“बाबा, चॅटबॉटवर खातं उघडा. सांगाल ते लिहून देतो. फुकट आहे.”

“आईला कळणार नाही ना?”

“तिला कसं कळेल?”

इथेच लेक चुकली! या घरातला गॅस, वीज, विमा, बँकेची कार्डं, इतकंच काय, चष्मेवाल्यांचा स्वतःचा ईमेलसुद्धा बायकोच्या मोबाइलला जोडलेला होता, कारण चष्मेवाले पासवर्ड छत्रीसारखे हरवतात. आणि बायको तरी कशी? बँकेत येणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना तिने वर्षानुवर्षं एकच गोष्ट पढवली होती. “कोड म्हणजे कवळी! ज्याची त्याने वापरायची!”

चष्मेवाल्यांनी ईमेल भरला, बटण दाबलं आणि बाहेरच्या खोलीत ‘टिंग’ झालं.

“अहो, कसला तरी कोड आलाय. मी तर काही मागितलं नव्हतं.”

“हो का?” चष्मेवाले दारात आले. “बघू, काय आकडा आहे?”

“तुम्हाला कशाला?”

“सहज आपलं. आकडे आवडतात मला.”

“कधीपासून?”

ती इस्त्री करत होती आणि मोबाइल टेबलावर उताणा पडला होता. चष्मेवाल्यांनी नाकावरचा जवळचा चष्मा हळूच काढला. लांबचं त्यांना लख्ख दिसतं. दुकानात गिऱ्हाइकाला भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ वाचायला लावतात, तशी दारातूनच त्यांनी ती सहा आकडी ओळ वाचली आणि पुटपुटत आत पळाले.

खातं उघडलं! आता नुसतं सांगायचं होतं, की भाषण लिही. पण आल्यागेल्याशी एकदम कामाचं बोलायचं नाही, ही चष्मेवाल्यांची दुकानातली शिस्त. त्यांनी लिहिलं, “नमस्कार. आपण कसे आहात?” उत्तर आलं. “चहा झाला का?” त्याचंही गोड उत्तर आलं. मग हवापाणी झालं, डोळ्यांची निगा झाली, मोबाइल फार वेळ बघू नये असा सल्लाही देऊन झाला. शेवटी ते मुद्द्यावर आले. चॅटबॉटने विचारलं, तुमच्या पत्नीबद्दल काही सांगा. चष्मेवाल्यांनी घाईघाईत सुचेल ते ठोकून दिलं.

“छान! आता मी आपल्यासाठी भाषण तयार करतो,” असं आलं, आणि त्याखाली दुसरीच ओळ उमटली. आपली मोफत मर्यादा संपली आहे. संध्याकाळी पुन्हा या, किंवा योजना निवडा.

“अरे, पण समारंभ दुपारी आहे!” चष्मेवाले मोबाइलवर ओरडले. सगळी फुकटची वाक्यं चहापाण्यात गेली होती!

योजना तीन होत्या. व्यक्तिगत, कुटुंब आणि व्यवसाय. चष्मेवाल्यांना घाम फुटला. ते स्वतः गिऱ्हाइकापुढे तीन काचा ठेवतात आणि मधली खपवतात, त्यामुळे मधलीवर त्यांचा विश्वासच बसेना. पण व्यक्तिगत योजनेने पुरेसं भाषण होईल का? व्यवसायात फारच लांबलचक आलं तर? आणि मधलीखाली लिहिलं होतं, पहिला महिना मोफत, फक्त कार्ड जोडा. चष्मेवाले मधल्या काचेला बळी पडले.

कार्डाचा नंबर भरला. बाहेर ‘टिंग’!

“अहो! तुमच्या कार्डाला कुणीतरी हात घालतंय!”

 चष्मेवाले दारातून डोकावले, पण आता मोबाइल तिच्या मुठीत होता आणि कानालाही. “दादा, ताबडतोब ये!”

दादा म्हणजे मेव्हणे. पोलीस खात्यातून निवृत्त झाले होते, पण चालण्यातून खातं गेलं नव्हतं. शेजारच्याच इमारतीत राहत, त्यामुळे चप्पल घालायच्या आत हजर झाले. आल्या आल्या त्यांनी खिडक्या लावल्या.

“दादा, चोर मोबाइलमध्ये आहे. खिडक्या कशाला लावतोस?”

“सवय!” मेव्हणे म्हणाले. “भावोजी कुठायत?”

भावोजी न्हाणीघरात कडी लावून बसले होते. कोडाची मुदत संपली होती. बोटं थरथरत होती, आणि त्या थरथरीत ‘पुन्हा पाठवा’ दाबलं गेलं. टिंग! ‘रद्द करा’ दाबायला गेले, तर पुन्हा तेच दाबलं गेलं. टिंग! टिंग!

“चोर हट्टी आहे,” बायको म्हणाली.

“नवशिका आहे,” मेव्हणे म्हणाले. “हात कापतायत त्याचे. तुला सांगतो, असा चोर लांब नसतो. घराची माहिती असलेलाच असतो.”

 आत धडपडत उठताना चष्मेवाल्यांच्या मांडीवरचा जवळचा चष्मा पडला आणि त्यांच्याच पायाखाली कडकन मोडला.

“थांब दादा, कार्ड बंद केलं मी आधी. आता मघाचा पहिला कोड ज्या खात्याचा होता ना, त्यात मीच शिरते.”

मग बाहेर सगळं शांत झालं. एकही टिंग नाही. चष्मेवाले दाराला कान लावून उभे राहिले.  ही तीच गेल्या वर्षीची शांतता, त्यांनी लगेच ओळखली.

“सापडला का?” मेव्हण्यांनी विचारलं.

“सापडला.”

“कोण आहे? नाव सांग, बघतोच!”

“जाऊ दे दादा. साधा माणूस आहे.”

समारंभाला जाताना ती सगळी वाट मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. चष्मेवाल्यांना वाटलं, संपलं सगळं. सभागृहात मॅनेजर बोलले, शिपाई बोलले आणि मग त्यांचं नाव पुकारलं गेलं. ते उठले तेव्हा हात रिकामे होते. तेवढ्यात बायकोने पर्समधून स्वतःचा मोबाइल काढून त्यांच्या हातात दिला. मग स्वतःचा जवळचा चष्माही काढून दिला.

“वाचा. तुम्ही लिहिलंय तेवढंच.”

तो बायकी चष्मा नाकावर चढवून चष्मेवाल्यांनी वाचायला सुरुवात केली.

“नमस्कार. आपण कसे आहात? चहा झाला का?”

“झाला!” सगळं सभागृह म्हणालं. चष्मेवाल्यांना जरा धीर आला.

“माझी बायको कडक आहे. गॅस बंद आहे का बघायला ती अर्ध्या जिन्यावरून परत जाते. म्हणते, तुमच्यावर भरवसा नाही. बरोबर आहे तिचं. एका वर्षी माझं दुकान अगदीच चालत नव्हतं. मला घरी यायची लाज वाटायची. तिने गल्ल्याचं कधी विचारलं नाही. रोज संध्याकाळी एवढंच विचारायची, आज कुणाला नीट दिसायला लागलं? ते सांगता यावं म्हणून मी दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचो. हे तिला मी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.”

 मेव्हण्यांनी रुमाल काढला. चष्मेवाल्यांच्या काचा धुरकट झाल्या, पण आता लागलेली लय सुटेना. ते त्याच भरल्या आवाजात पुढे वाचत गेले.

“आपली मोफत मर्यादा संपली आहे. संध्याकाळी पुन्हा या, किंवा योजना निवडा!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. बायको डोळे पुसत उभी राहिली.

“निवडलीय,” ती म्हणाली. “कुटुंबाचीच घेतलीय, माझ्या कार्डावर.”

चष्मेवाल्यांचा जीव भांड्यात पडला. ते तिच्याकडे वाकले आणि हळूच म्हणाले, “मग आता कोड आला की मला...”

“तो विसरा!”